पानाने खाल्लेला फोटो

सोमवार, ३ तारीख

चिरंजिवांनी आज जेवताना सुताराचा विषय काढला. महिनाअखेरीस येणार आहे. खालच्या डार्करूममधली फळकुटं काढायची, मधली भिंत पाडायची आणि मला तिथे ऐसपैस खोली करून द्यायची. माझे गुडघे, घराचा जिना, माझं वय, सगळं त्याने नीट मांडलं. मुलगा चांगला आहे, त्यात वाद नाही. "तिथे आता आहे काय, आई? रिकामे ट्रे आणि वास," एवढंच जरा लागलं.

मी गप्प राहिले. गप्प राहण्याची मला जन्माची सवय आहे. आमच्या फोटो स्टुडिओच्या दर्शनी भागात हे असायचे. गिऱ्हाइकांना हसवायचे, हनुवटी वर करायला सांगायचे, बटण दाबायचे. मागे अंधारात मी. फोटो हे काढायचे आणि तो कागदावर आणायची मी. पण बाहेरच्या पाटीवर नाव एकच मावलं.

हे गेले, स्टुडिओ बंद झाला. तरी मी रोज सकाळी डार्करूमचं दार उघडून आत जरा वेळ उभी राहते. काही करत नाही, नुसती उभी राहते. हे घरात कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिलं.

मंगळवार, ४

सूनबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आज संध्याकाळी दोन्ही हातांत जिरॅनियमच्या कुंड्या घेऊन आली. म्हणे बस बदलून आणल्या. घाम पुसायच्या आधीच म्हणाली, "आई, तुमचा अंधार पाहिजे."

या महिन्यात त्यांच्या कॉलेजात प्रदर्शन आहे, गावातले लोक येतात. गेल्या वर्षी तिने मोठा तक्ता लावला होता. त्यापुढे एकच गृहस्थ थांबले, तेही बुटाची नाडी बांधायला. यंदा तिला दाखवायचं आहे की झाडाचं पान दिवसा काय साठवतं आणि रात्री त्याचं काय करतं. त्यासाठी पक्का अंधार हवा, पडदे ओढून केलेला चालत नाही. मी ताठच झाले. म्हटलं, माझ्या डार्करूममध्ये आहे तसा अंधार आख्ख्या गावात दुसरीकडे मिळायचा नाही.

चिरंजीव म्हणाला, सुताराचं काय? ती म्हणाली, प्रदर्शन होईपर्यंत थांबव. प्रदर्शन झालं की पाडा, असा अर्थ झाला. तेवढे दिवस तरी मिळाले.

गुरुवार, ६

प्रकार असा आहे. पान दिवसभर उजेडात साखर तयार करतं. थोडी लगेच वापरतं आणि उरलेल्याचा स्टार्च करून स्वतःच्याच पोटात ठेवून देतं. स्टार्च म्हणजे मी ह्यांच्या कॉलरला घालायची ती खळ, तीच वस्तू. मग पानावर निगेटिव्ह ठेवून दिवा लावला तर काय होईल? जिथून उजेड शिरेल तिथे स्टार्च साठेल, जिथे अडेल तिथे नाही. आयोडीन लावलं की स्टार्चची जागा काळीनिळी होते. म्हणजे पान हा फोटोचा कागदच झाला. हे सूनबाई सांगत होती आणि मी तिच्या आधीच शेवटाला पोचले होते. तिलाही ते कळलं, कारण तिने सांगायचं मध्येच थांबवलं आणि हसली.

त्याआधी पान कोरं करावं लागतं. दोन दिवस अंधारात ठेवलं की आतला जुना साठा ते खाऊन टाकतं.

एका गोष्टीवरून जुंपली. मी सवयीने लाल दिवा लावला. डार्करूममध्ये लाल दिवा लावला तर काही बिघडत नाही, हे मी शिकले तेव्हापासून त्यात बदल झालेला नाही. ती म्हणाली, पानाला लाल उजेड फार आवडतो, तो लावलात तर ते चरत बसेल. त्याला हिरव्याचं वावडं, बराचसा हिरवा ते परतवून लावतं, म्हणून तर हिरवं दिसतं. मी खालच्या खणातून गडद हिरवा दिवा काढला. कधी काळी एका फिल्मसाठी घेतला होता. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही झाला असणार.

शनिवार, ८

आज पहिलं पान. काळ्या कागदात कात्रीने एक किल्ली कापली आणि तो कागद पानावर चिकटवून चिरंजिवांनी आणून दिलेल्या दिव्याखाली कुंडी दिवसभर ठेवली. संध्याकाळी पान तोडलं. आधी उकळत्या पाण्यात बुडवलं, मग शेगडी बंद करून गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या वाटीत. हिरवा रंग सगळा उतरला, पान फिकट आणि कडक झालं. कोमट पाण्यातून काढलं आणि माझ्या जुन्या पांढऱ्या ट्रेमध्ये आयोडीनखाली सोडलं.

मी ट्रेचा एक कोपरा उचलून हलवायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. आणि किल्ली वर आली. आधी कड, मग दात, मग सगळी.

मी रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले. किती वर्षांनी ट्रेमध्ये काहीतरी वर येताना पाहिलं. सूनबाई खिडकीशी उगाचच कुंडीला पाणी घालत राहिली.

रविवार, ९

निगेटिव्ह ठरली. पुलावरची मुलगी.

गावात हा फोटो माहीत नाही असा जुना माणूस सापडायचा नाही. पुलाच्या कठड्याला टेकलेली मुलगी, केस वाऱ्यावर, मागे मावळतं ऊन. स्टुडिओच्या काचेत हा किती वर्षं होता. उन्हाला पाठ करून उभ्या माणसाचा चेहरा फोटोत काळाठिक्कर येतो, पण या मुलीचा चेहरा स्वच्छ दिसतो, ओठांवरचं अर्धवट हसूसुद्धा. समोरच्या फुटपाथवर दुसरा स्टुडिओ होता, त्याच्या मालकांना आम्ही "समोरचे" म्हणायचो. ते दर थोड्या दिवसांनी येऊन ह्यांना विचारायचे, लेन्स कुठली हो? हे नुसते हसायचे. आत बसून मी ऐकायची.

लेन्स साधीच होती. चेहऱ्यापुरता उजेड मी अडवत होते. मोठा फोटो असला तर हाताच्या सावलीने, लहान असला तर निगेटिव्हच्या पाठीवर पातळ कागदाचा कपटा लावून. कपट्याची कड फाडायची, कापायची नाही, कापलेली कड फोटोत दिसते. हे एवढं एक वाक्य ह्यांनी कोणाला सांगितलं असतं तर चाललं असतं. मला तेव्हा राग यायचा आणि आजही येतो. माणूस चांगला होता तरी येतो.

हात थोडे थरथरतात आताशा. जमेल का, ही शंका आहेच.

बुधवार, १२

जमलं. सूनबाईला आज परीक्षेचं काम होतं, उशिरा येणार होती. मी तिच्यावाचून सगळं केलं. निगेटिव्ह पानावर, चेहऱ्यावर फाडलेला कपटा, वर काच, खाली टेकू. कपटा बसवायला तीन वेळा हात लावावा लागला, पण बसला. दिवसभर दिव्याखाली ठेवलं. संध्याकाळी मान अशी दुखत होती की पान आजच धुवायचा धीर नव्हता. घाईत काम बिघडवणाऱ्यांतली मी नाही. निगेटिव्ह काढली, कुंडी डार्करूममध्ये नेऊन ठेवली, दार लावलं, फटीला फडकं लावलं. उजेड दाखवून झालेला माल अंधारात ठेवायचा, तिथे त्याला काही होत नाही. सकाळी सूनबाईच्या देखत ट्रेमध्ये सोडीन. तिला कळू दे सासू काय चीज आहे.

गुरुवार, १३

काहीही आलं नाही.

पान आयोडीनमध्ये पिवळट पडून राहिलं. मुलगी नाही, पूल नाही, साधा डागसुद्धा नाही. मी ट्रे हलवत राहिले. सूनबाईने विचारलं, पान कधी तोडलंत? म्हटलं, आत्ता. रात्री कुठे होतं? म्हटलं, अंधारात, अगदी व्यवस्थित ठेवलं होतं.

तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं आता बोलणार. पण ती आनंदाने नुसती फुलली होती.

"आई, त्याने फोटो खाल्ला."

मला आधी काही उमजेना. मग डोक्यात उजेड पडला आणि कपाळाला हात लावला. दोन दिवस अंधारात ठेवलं की पान आपला साठा खातं, हे मीच गेल्या गुरुवारी या वहीत लिहून ठेवलंय. फोटोचा कागद अंधारात झोपतो. पान अंधारात जेवतं. आणि मी माझा सगळ्यात चांगला फोटो त्याच्या पुढ्यात वाढून दार बाहेरून लावून घेतलं होतं.

दुपारपर्यंत मी तो ट्रे घासत राहिले.

शुक्रवार, १४

सूनबाई म्हणते, हेच दाखवायचं. लोकांनी नुसता पानावरचा फोटो पाहिला तर वा म्हणतील आणि पुढे जातील. पण एकाच रोपाची पानं, एकच निगेटिव्ह, एक पान संध्याकाळी तोडलेलं आणि एक पहाटे, असं शेजारी शेजारी ठेवलं तर माणूस थांबून विचारेल, मुलगी गेली कुठे? तिला हे माझ्या चुकीमुळे सुचलं, असं ती चिरंजिवांसमोर म्हणाली. चूक म्हणाली नाही खरं तर, "आईंनी केलं त्यावरून" असं म्हणाली.

मग तिने एक नवल सांगितलं. पान रात्री वखवखल्यासारखं खात नाही. ते एका गतीने, पुरवून पुरवून खातं, असं की पहाट होता होता साठा जवळजवळ संपावा, आधी नाही आणि फार उरूही नये. त्याच्या आत स्वतःचं घड्याळ असतं. एखाद्या दिवशी अंधार लवकर झाला तर ते खाण्याचा वेग कमी करतं. घाई केली तर पहाटे उपासमार आणि राखून ठेवलं तर वाढ खुंटते.

मला लगेच लग्नाचे फोटो आठवले. एक रोल सबंध समारंभाला पुरवायचा असतो. ह्यांना ते आयुष्यात जमलं नाही, नेमकं हार घालायच्या वेळेला रोल संपायचा. जिरॅनियमला जमतं. मी हे बोलले तर सूनबाईने लगेच लिहून घेतलं, वर्गात सांगणार म्हणे.

तिला आता पूर्ण ओळ दाखवायची आहे, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने तोडलेली पानं. चिरंजीव म्हणाला, म्हणजे आईला रात्रभर जागवणार? मी म्हटलं, कशाला. डार्करूम माझी आहे, रात्र मी म्हणेन तेव्हा होईल.

शनिवार, १५

कालच्या वाक्याचा मला अजून अभिमान वाटतोय.

मंगळवार, १८

कुंड्यांचा दिवस आम्ही उलटा केला आहे. आपण झोपायला गेलो की त्यांचा दिवा लागतो आणि सकाळच्या चहाला विझतो. दिव्याला आपोआप लागणारी कळ चिरंजिवांनी बसवून दिली. पानांच्या आतलं घड्याळ नव्या दिवसाला जुळायला काही दिवस जातील. तोवर आमचं घर उफराटं झालं आहे. सकाळी डार्करूमच्या दारात आलं की सगळे कुजबुजत बोलतात. आत कुंड्यांची रात्र असते म्हणून चिरंजीवसुद्धा चपला काढून पाय न वाजवता जातो. पानांना कान नसतात हे मी त्याला सांगितलेलं नाही.

सुताराचा फोन आला होता. त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

सोमवार, २४

आज तोडली. काल निजायच्या आधी एकेका पानावर निगेटिव्ह ठेवली. मूळ निगेटिव्हवरून मी तिच्या नकला करून ठेवल्या होत्या. ते जुनं रसायन अजून चालतं की नाही याची धाकधूक होती, पण चाललं. प्रत्येकीच्या चेहऱ्यावर फाडलेला कपटा. सगळे सारखे यायला हवेत, नाहीतर फरक कपट्याचा की रात्रीचा हे कोण सांगणार. सूनबाईचा हात स्थिर आहे, तरी ती म्हणाली, कपटे तुम्हीच लावा.

दिवा विझल्यावर लगेच पहिलं पान तोडलं, मग जेवणाआधी, दुपारच्या चहाला, दिवेलागणीला, आणि शेवटचं रात्री दिवा लागायच्या जरा आधी, म्हणजे त्यांच्या पहाटे. तोडलं की लगेच उकळत्या पाण्यात, म्हणजे त्याचं खाणं तिथेच थांबतं. हिरव्या दिव्याच्या उजेडात सूनबाई चिमटा धरायची आणि मी सांगायची, हे, आता हे.

शेवटी सगळी एकामागून एक ट्रेमधून काढली. पहिल्या पानावर मुलगी अशी उभी होती की स्टुडिओच्या काचेत परत लावावी. केस, कठडा, ओठांवरचं अर्धवट हसू. दुसऱ्यावर चेहऱ्याच्या नाजूक छटा विरल्या. तिसऱ्यावर फ्रॉक फिकट झाला. चौथ्यावर केस आणि कठड्याची एक रेघ तेवढी उरली. पाचवं कोरं. प्रत्येक पानावर सारखाच हप्ता गेलेला, कुठे उडी नाही, कुठे घाई नाही. एवढं एकसारखं काम मलाही माझ्या उमेदीत रोज जमत नव्हतं, हे मान्य करते.

शुक्रवार, २८

उद्या प्रदर्शन. मांडणी करायला सूनबाईबरोबर कॉलेजात गेले. तिची प्रयोगशाळा पहिल्यांदाच पाहिली. कोपऱ्यात पुरुषभर उंचीचं काळं कपाट आहे. आत दिवे, पंखा, उजेड कधी लागावा आणि कधी विझावा याच्या कळा, सगळं तयार. मी आत डोकं घालून दार ओढून पाहिलं. खरं सांगायचं तर अंधार माझ्या डार्करूमपेक्षा चांगला, आणि आत दहा कुंड्या सहज राहतील. सगळं कपाट रिकामं.

इतकी हुशार बाई, पण स्वतःच्या खोलीत काय आहे याचा पत्ता नाही. बस बदलून कुंड्या छातीशी धरून आणल्या बिचारीने. मी काही बोलले नाही, उगाच ओशाळली असती.

शनिवार, २९

आजचं सगळं लिहायचं आहे, हात थांबत नाही.

पाच पानं काचेखाली ओळीने ठेवली होती, शेजारी एक जिवंत कुंडी. वर सूनबाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ही मुलगी रात्रीत कुठे गेली? तक्ता नाही, आकडे नाहीत. आणि लोक थांबले. नुसते थांबले नाहीत, पुढच्यांना कोपराने ढोसायला लागले. एक बाई पाचव्या पानाजवळ वाकून बराच वेळ मुलीला शोधत होत्या. सूनबाई सांगून सांगून बसल्या आवाजाने बोलत होती आणि तरी नवा माणूस आला की परत पहिल्यापासून सांगायची. तिच्या प्राचार्यांनी तर तिला तिथेच सांगितलं की पुढच्या वर्षी मधला मोठा हॉल घ्या.

मी मागे खुर्चीवर होते, नेहमीसारखी मागे. मग समोरचे आले, त्या दुसऱ्या स्टुडिओचे मालक. आता काठी घेऊन चालतात. पुलावरच्या मुलीला पाहून ते जागीच उभे राहिले. काचेवर वाकले, चष्मा काढला, परत लावला. मग त्यांची नजर खालच्या चिठ्ठीवर गेली. ती चिठ्ठी मीही तोवर वाचली नव्हती, चष्मा घरी राहिला होता. त्यांनी ती मोठ्याने वाचली. फोटो, आणि पुढे ह्यांचं नाव. त्याखाली छपाई, आणि पुढे माझं नाव, पूर्ण. सूनबाईने दोन्ही ओळी एकाच मापाच्या अक्षरात लिहिल्या होत्या.

ते माझ्याकडे वळले. "छपाई तुमची होती?"

"हो."

"या फोटोची, की सगळ्यांची?"

चिरंजीव माझ्या खुर्चीमागे उभा होता. मी उठून उभी राहिले. का कोण जाणे, बसून सांगावंसं वाटेना.

"सगळ्यांची."

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "मी आयुष्यभर तुमच्या यजमानांची लेन्स शोधत होतो." आणि मला वाकून नमस्कार केला. सगळ्यांसमोर, त्या गर्दीत. मला तो घेता येईना आणि नको म्हणवेना. मी त्यांना कपट्याचं सांगितलं. कड फाडायची, कापायची नाही. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. कुलपाची किल्ली शेवटी सापडावी तसा चेहरा झाला त्यांचा.

घराशी आल्यावर चिरंजीव म्हणाला, "आई, मला कसं माहीत नव्हतं?" मी म्हटलं, तू दाराबाहेर असायचास, आत यायची बंदी होती, उजेड शिरतो ना.

मला फार अभिमान वाटतोय. सूनबाईचा वाटतोय, पाचव्या कोऱ्या पानाचा वाटतोय आणि सगळ्यात जास्त स्वतःचा वाटतोय. हे वाचून कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

बुधवार, २

सुतार आला. मी वरच थांबले होते, बघवणार नाही म्हणून. ठोकाठोक सुरू झाली ती मात्र पुढच्या बाजूने. खाली जाऊन पाहिलं तर स्टुडिओच्या दर्शनी भागात माझ्या पलंगाची मापं घेतली जात होती. तिथे खिडकी आहे, ऊन येतं, जिना नाही. हे आधी कोणाला का सुचलं नाही देव जाणे. डार्करूमला त्याने एका फळीला नवीन खिळे मारले, बाकी हात लावला नाही.

सूनबाईने पुढच्या कुंड्या आणून ठेवल्या आहेत. आता तिला पालक लावून पाहायचा आहे. मी विचारलं, कॉलेजातल्या त्या कपाटात का नाही लावत? ती क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, ते बिघडलंय. कालपरवापर्यंत तर चालत होतं. म्हटलं ठीक आहे, इथे जागा भरपूर आहे.

काचेखालच्या पानांचा रंग उतरायला लागलाय, आयोडीन टिकत नाही. मला वाईट वाटलं नाही. निगेटिव्ह माझ्याकडे आहे, पुन्हा छापीन.

जाताना सुताराने विचारलं, डार्करूमच्या दाराला पाटी करायची म्हणालात, तिच्यावर काय लिहू? चिरंजिवांनी सूनबाईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. सरळ माझं नाव सांगितलं आणि अक्षरं मोठी काढ म्हणाला. ते नाव मी इथे लिहीत नाही. दारावर आहे.